शाळेला टीव्ही द्यायचा की आणखी काही?

गेल्या महिन्यात परळहून एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. वाडीतल्या चाकरमान्यांनी वर्गणी जमवली होती. "सर, गणपतीक येतलंव. शाळेक मोठो टीव्ही देवया काय?"

मी त्याच्याकडे आठवडाभराची मुदत मागितली, कारण मला एक जुना प्रोजेक्टर आठवला. पूर्वी मी ज्या शाळेत होतो तिथे तो मोठ्या कौतुकाने आला होता. खराब होऊ नये म्हणून आम्ही तो कपाटात जपून ठेवला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर काढला तेव्हा केबलच्या पिनांवर हिरवट थर चढला होता आणि दिवा लागेना.

हे का होतं ते कोकणातल्या प्रत्येक घरातली मिठाची बरणी सांगते. लाटा फुटताना उडणारे बारीक तुषार वाऱ्याबरोबर घरादारात येतात, त्यातलं पाणी उडून जातं आणि मीठ जिथे बसेल तिथे राहतं. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर आर्द्रता बहुतेक वेळ ८० च्या पुढेच असते. म्हणजे यंत्रातल्या प्रत्येक तांब्या-पितळेच्या जोडावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर बसतो आणि धातू गंजत जातो. रोज चालणारं यंत्र स्वतःच्या उष्णतेने आतली हवा थोडी कोरडी ठेवतं. कपाटात ठेवलेल्या यंत्राला तेवढाही आधार नसतो. आमचा प्रोजेक्टर कपाटात पडून राहिला, कारण आमच्या एकाही धड्याचं त्याच्यावाचून अडत नव्हतं.

उपकरण आधी आणि धडा नंतर, असं मोठ्या प्रमाणावरही घडलं आहे. पेरू देशाने शाळांतल्या मुलांना आठ लाखांहून जास्त छोटे लॅपटॉप वाटले. तिथल्या तीनशेहून अधिक ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. लॅपटॉप मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांतल्या मुलांच्या गणितात आणि भाषेत फरक दिसला नाही. याउलट दिल्लीत शाळेनंतरच्या केंद्रांत माइंडस्पार्क नावाचं सॉफ्टवेअर वापरलं गेलं, तिथे साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत चांगली प्रगती दिसली. या केंद्रांत जागा सोडत काढून दिल्या होत्या, त्यामुळे तुलना पक्की होती. तिथली सहावीची मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. सॉफ्टवेअर आधी मूल नेमकं कुठे आहे ते तपासायचं आणि तिथूनच पुढचं उदाहरण द्यायचं. ४५ मिनिटं संगणकापुढे बसायचं आणि ४५ मिनिटं लहान गटात माणसाबरोबर. मुलांची अडचण आधी ओळखली होती, यंत्र त्यानंतर आलं. मला या दोन गोष्टींतला हाच फरक महत्त्वाचा वाटतो.

म्हणून वर्गात काहीही नवं आणताना मी आधी विचारतो, या धड्यात मुलांचं डोकं कुठे अडतं?

नववीत ध्वनीचा धडा आहे. आवाजाचा वेग मुलं पाठ करतात, पण आवाजाला पोचायला वेळ लागतो हे आतून पटलेलं नसतं. इथे फोन फार कामाचा आहे. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाने फायफॉक्स नावाचं मोफत अॅप बनवलं आहे. एकदा उतरवून घेतलं की प्रयोग करायला रेंज लागत नाही. त्यात आवाजावर चालणारं घड्याळ आहे. पहिल्या आवाजाला ते सुरू होतं आणि दुसऱ्या आवाजाला थांबतं.

आम्ही शाळेच्या पडवीत १० मीटर दोर ताणला. दोन्ही टोकांना एकेक मुलगी, प्रत्येकीपुढे एक फोन आणि हातात नारळाच्या दोन करवंट्या. पहिलीने करवंट्या वाजवल्या. तिचा फोन लगेच सुरू झाला, दुसरीचा आवाज तिथवर पोचल्यावर. मग दुसरीने वाजवल्या. तिचा फोन लगेच थांबला, पहिलीचा जरा उशिरा. त्यामुळे पहिलीच्या फोनवर थोडा जास्त वेळ दिसला. फरक होता ५८ मिलिसेकंदांचा.

"हिचा फोन बिघडलाय," एक जण म्हणाला. फोनांची अदलाबदल केली. फरक तिथेच राहिला, जी आधी वाजवते तिच्याकडे. बराच वेळ वाद चालला. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीने फळ्यावर दोन बाण काढले, एक जाण्याचा, एक येण्याचा. फरकाच्या वेळात आवाज दोरावरून दोनदा धावला, म्हणजे २० मीटर. २० भागिले ०.०५८, सेकंदाला सुमारे ३४५ मीटर. ३० अंश तापमानाच्या हवेत हा वेग सुमारे ३४९ असतो. दोन फोन आणि चार करवंट्या वापरून इतकं जवळ जाता येतं याचं मला आजही अप्रूप वाटतं. (हाच प्रयोग समुद्रावर केला तर लाटेच्या आवाजाने घड्याळ आपोआप सुरू होतं. पडवीच बरी.)

प्रत्येक ठिकाणी यंत्र लागतंच असं नाही. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की उतारा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिला तर तो जास्त टिकतो. आठवड्यानंतर पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. साठ मुलांच्या वर्गात सगळ्यांची उत्तरं एका फोनच्या कॅमेऱ्याने टिपता येतील अशी छापील कार्डं मिळतात, ती जरूर वापरावीत. पण आपल्या वाड्यांतल्या आठ-दहा पटाच्या शाळेत पाटी पुरते. सगळ्यांनी एकदम पाट्या वर केल्या की गुरुजींना एका नजरेत कळतं.

भरती-ओहोटीचा धडा मी उलट्या क्रमाने घेतो. टीव्हीवर चंद्र फिरताना दाखवला की मुलं माना डोलावतात आणि विसरतात. म्हणून आधी खाडीच्या धक्क्यावर खुणा केलेली काठी रोवायची आणि पंधरा दिवस भरतीची वेळ वहीत टिपायची. ती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. मच्छीमारांच्या मुलांना उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) माहीतच असतात. घरच्या म्हाताऱ्यांकडून पाऊणपटीचा हिशोबही आलेला असतो. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर 'आठ पाऊणे सहा', म्हणजे सहाच्या सुमाराला. मग मुलं संगणकाच्या तक्त्यात दोन रकाने भरतात, एक वहीतल्या वेळांचा, एक पाऊणपटीचा. आलेखात दोन रेषा शेजारून चढतात, पण तंतोतंत जुळत नाहीत. हिशोब कुठे चुकतो, आपल्या बंदरात वेळ आधी का येते, असे प्रश्न मग मुलंच विचारतात. तेव्हा टीव्ही लावायचा आणि चंद्र फिरवायचा, कारण आता त्यांना तो बघायचा असतो.

आठवड्याने मी फोन केला. घट्ट झाकणाचे दोन डबे आणि ओल शोषणाऱ्या पुड्या, वीज गेल्यावर चालेल असा बॅटरीचा इन्व्हर्टर, वापरात नसलेले चार चांगले फोन आणि एक साधा संगणक, एवढं मागितलं. उरलेल्या पैशातून मध्यम आकाराचा टीव्ही, तोही आम्ही त्यावर शिकवायचे धडे ठरवल्यावर. त्याने सगळं लिहून घेतलं. भरतीच्या प्रयोगाचं सांगितलं तेव्हा तो थांबला आणि म्हणाला, "माझो बापूस पाऊणपट करी, सर. होडी त्याच हिशोबान काढी."

मी त्याला विचारलं, बाबांना एक दिवस वर्गात पाठवशील का? तो म्हणाला, दीड दिवसाचा गणपती पंचमीला खाडीवर नेतो तेव्हाच मुलांना बोलवा. 'पाच पाऊणे पावणेचार'. बाबा आपला हिशोब सांगतील, मुलांनी काठी आणि वही घेऊन यावं.