घारीचं पिल्लू नाही, शिक्रा आहे तो

मागच्या रविवारी आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला, गॅलरीच्या रेलिंगवर बसलेला पक्षी आणि खाली मेसेज, 'घारीचं पिल्लू पडलंय, कोणाला कळवायचं?' झूम करून बघितलं तर राखाडी पाठ, छातीवर बारीक तांबूस आडव्या रेघा, डोळा लालभडक आणि पायाखाली अर्धी पाल. पिल्लू कसलं, चांगला वयात आलेला शिक्रा होता तो, नर, निवांत नाश्ता चालला होता त्याचा.

दोघंही शिकारी पक्षीच, पण साइज बघा. घार पाऊण किलोच्या आसपास भरते, पंख पसरले की जवळपास दीड मीटर. शिक्रा जेमतेम कबुतराएवढा, पंख 60 सेंटीमीटरच्या आतबाहेर आणि नराचं वजन साधारण एका हापूस आंब्याएवढं, कधी त्याहून कमीच. मादी मात्र नरापेक्षा मोठी, शिकारी पक्ष्यांत बहुतेक असंच असतं.

आणि गंमत म्हणजे शिकारीत जास्त तरबेज हा छोटाच. त्याचे पंख आखूड, गोलसर, शेपूट लांब, त्यामुळे फांद्याफांद्यांमधून गपकन वळता येतं, पानांत लपून बसायचं आणि सरडा, पाल, चिमणी दिसली की झडप. घारीला ते जमणार नाही. शरीर सगळ्या बाजूंनी दुप्पट केलं तर पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं पण वजन आठपट, म्हणजे मोठ्या पक्ष्याला पंख फडफडवणं फार महागात पडतं. म्हणून ती उन्हाची वाट बघते. वेताळ टेकडीवर खाणीपाशी दहाच्या सुमाराला थांबा, तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर चढायला लागली की घारी तिच्यावर नुसत्या तरंगत गोल गोल वर जातात, पंखांची टोकं बोटांसारखी फाकलेली, दुभंगलेली शेपूट सुकाणूसारखी इकडेतिकडे वळतेय. वरून उंदीर, मेलेलं जनावर, मटणाच्या दुकानामागचा कचरा, काहीही चालतं. बरं, पायातलं खाणं उडता उडता चोचीत घेऊन खातात, खाली बसायची पण गरज नाही.

ग्रुपवर एवढं सगळं टाइप केलं तर एका काकूंचा प्रश्न, 'मग घारीचं पिल्लू केवढं असतं?' काकू, घरट्यातून बाहेर पडून उडायला लागतं तेव्हा ते जवळपास आईएवढंच झालेलं असतं.