उसाचा पैसा, नदीचं पाणी आणि शाळेचं वेळापत्रक: पार्श्वभूमी

देशातल्या प्रौढांपैकी फक्त 27 टक्के लोक आर्थिकदृष्ट्या साक्षर आहेत, असं राष्ट्रीय आर्थिक शिक्षण केंद्राच्या 2019 च्या पाहणीत आढळलं. ‘हे शाळेतच शिकवा’ ही मागणी त्याआधीही होती, या आकड्याने तिला धार आली. पर्यावरणाबाबतची तशीच मागणी तर आणखी जुनी. हल्ली दोन्ही विषयांची नावं एका दमात घेतली जातात, पण शाळेत ते दोन वेगळ्या दारांनी आले आणि अजूनही वेगळ्या पुस्तकांत राहतात. कोल्हापूर जिल्ह्यात हे जरा जास्तच खटकतं. इथे उसाचा पैसा आणि नदीचं पाणी एकाच खात्यावर चढतं.

हिशेब शिकवणं हे तसं शाळेचं मूळ काम. सरकारी शाळा येण्यापूर्वी पंतोजींच्या शाळेत मुलं धुळाक्षरं गिरवत आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकत. हे अपूर्णांकांचे पाढे बाजारासाठीच होते. सव्वा शेराला इतके, तर साडेसात शेरांना किती, हे तोंडी सांगता यायला हवं. जोडीला मोडी, कारण खतावणी, गहाणखत, सावकाराची चोपडी सगळं मोडीतच. मोडी न येणाऱ्या कुळाला आपण अंगठा कशाखाली उठवला हेही कळत नसे. आज जिला आर्थिक साक्षरता म्हणतात ती हीच, फक्त ती मोजक्या जातींतल्या मुलग्यांपुरती होती.

करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात ही मक्तेदारी मोडायला सुरुवात झाली ती शाहू महाराजांच्या काळात. त्यांच्या निर्णयांचा क्रम पाहण्यासारखा आहे. 1895 मध्ये शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली, तिथे गुळाचा बाजार भरभराटीला आला. 1912 मध्ये सहकारी संस्थांचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी कोल्हापूर अर्बन ही सहकारी पतसंस्था उभी राहिली, आजची अर्बन बँक ती हीच. भोगावती नदीवर राधानगरी धरणाचं काम याच राजवटीत सुरू झालं. आणि 1917 मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघाला, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. गोपाळ कृष्ण गोखल्यांचं असंच विधेयक ब्रिटिश हिंदुस्थानात काही वर्षांपूर्वीच फेटाळलं गेलं होतं. बाजार, पतपुरवठा, पाणी आणि शाळा या चार गोष्टी एका माणसाने जेमतेम पाव शतकात हाती घेतल्या. यांचा एकमेकांशी संबंध आहे हे तेव्हा कोणत्याही परिपत्रकात लिहावं लागलं नाही. अडत्याने दिलेली पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, वाचता येत नसेल, तोलाई आणि हमाली किती कापली ते कळत नसेल, तर शेतकऱ्याला बाजारपेठेचा उपयोग काय?

याच वातावरणात कुंभोजचा एक मुलगा कोल्हापुरात शिकत होता. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा ‘स्वावलंबी शिक्षण’ हे तिचं ब्रीदच झालं. ‘कमवा आणि शिका’ मध्ये मुलं शेतात राबत, वसतिगृहाचा शिधा जमवत, स्वयंपाक करत. पैशाची किंमत आणि जमिनीची मशागत या दोन गोष्टी तिथे वेगळ्या काढताच येत नव्हत्या. मात्र ही योजना गरिबीतून आली होती, शिक्षणशास्त्रातून नव्हे, हे विसरून चालणार नाही. परवडत नाही म्हणून राबणारं पोर आणि शिकण्यासाठी राबणारं पोर यांत फरक असतो. पुढच्या काळात या योजनेचं कौतुक करताना तो पुसट झाला.

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. हस्तोद्योगाभोवती सगळं शिक्षण गुंफायचं, ही ती कल्पना. मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळाने ती उचलली. कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं आणि 1949 मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं. पण या विचाराला इथला एक खंदा माणूस मिळाला: जे. पी. नाईक, जन्म आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा. त्यांनी भुदरगडात गारगोटीला मौनी विद्यापीठ उभं केलं. तिथे शाळा, शेती आणि ग्रामविकास एका आवारात आणण्याचा प्रयत्न झाला. पुढे 1964 ते 66 च्या कोठारी शिक्षण आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. शिक्षण सामान्य असो वा व्यावसायिक, ‘कार्यानुभव’ हा त्याचा अविभाज्य भाग असावा, अशी शिफारस त्या आयोगाने केली. गारगोटीत पाहिलेलं दिल्लीच्या अहवालात उतरलं, असं म्हणण्याचा मोह आवरत नाही. 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याचंच ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ केलं.

मग काय झालं, ते ज्यांनी मराठी शाळेत कार्यानुभवाचा तास काढला आहे त्यांना सांगायला नको. खडू, अगरबत्त्या, कागदी फुलं, फार तर वाफ्यातली मेथी. विषयाला गुण नाहीत, श्रेणी. दहावीचा पोर्शन मागे पडला की हाच तास गणिताला. आणि केलेली वस्तू विकली जात नसे, त्यामुळे कच्चा माल कितीचा, विकली कितीला, उरलं काय, हा प्रश्नच मुलांपुढे यायचा नाही. हात चालले, हिशेब नाही. माझ्या मते या विषयाचा कणा तिथेच मोडला.

हिशेबाचा भाग सांभाळला तो एका वेगळ्याच उपक्रमाने. राष्ट्रीय बचत संघटनेच्या पुढाकाराने शाळाशाळांत ‘संचयिका’ सुरू झाल्या. शाळेतच मुलांची बँक. खिडकीवर मुलंच बसणार, पासबुकात नोंद मुलंच करणार, रोजचा मेळ एक शिक्षक तपासणार आणि जमलेली रक्कम पोस्टात किंवा बँकेत जाणार. 15 सप्टेंबरला संचयिका दिनही असे. रकमा किरकोळ होत्या, पण जमा आणि नावे यांतला फरक मुलाच्या बोटांना कळत होता. पुढे शिक्षकांवर कागदपत्रांचा भार वाढला आणि चिल्लरचा हिशेब ठेवण्याचा उत्साह सरला. शिष्यवृत्तीची रक्कम थेट खात्यात यायला लागली तशी मुलांची शून्य शिलकीची खाती निघाली. खातं आलं, खिडकी गेली. रिझर्व्ह बँकेने 2014 मध्ये दहा वर्षांवरील मुलांना स्वतंत्रपणे बचत खातं चालवायची मुभा दिली आणि 2025 मध्ये त्याचे सुधारित नियम काढले. किती घरांत हे माहीत आहे, हा वेगळा प्रश्न.

पर्यावरण शाळेत आलं ते कोर्टाच्या दारातून. पर्यावरणासाठी लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 1991 मध्ये पर्यावरण हा सक्तीचा विषय करायला सांगितलं. अंमलबजावणी रेंगाळली, तेव्हा 2003 मध्ये एनसीईआरटी या केंद्राच्या शैक्षणिक संस्थेला नमुना अभ्यासक्रम करण्याचे आदेश द्यावे लागले. सक्तीने आलेल्या विषयाचं जे होतं तेच याचंही झालं. प्रकल्पवह्या वाढल्या, मुखपृष्ठावर हिरवं झाड, आत स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली चित्रं. ‘हरित सेना’ या शालेय उपक्रमाची झाडं लागली, मे महिन्यात पाणी घालायला कोणी नव्हतं. अलीकडे नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हा विषय आला. कल्पना उत्तम, पण तोही श्रेणीचाच विषय.

पैसा मात्र गणिताच्या पुस्तकातून परतला, आणि याचं श्रेय बालभारतीला दिलंच पाहिजे. सातवीला बँक व सरळव्याज, आठवीला चक्रवाढ व्याज, नववीला आणि दहावीला ‘अर्थनियोजन’ हे स्वतंत्र प्रकरण: नववीत बचत, गुंतवणूक व आयकर, दहावीत जीएसटी, शेअर, म्युच्युअल फंड, एसआयपी. हे गुणांसाठी असल्याने शिकवलं जातं. उदाहरणांतली माणसं मात्र बहुधा पगारदार किंवा दुकानदार असतात. हातकणंगल्याच्या मुलाच्या घरी पैसा पगाराने येत नाही. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं आणि त्यातून पशुखाद्याचे पैसे आधीच वळते झालेले असतात. उसाचं बिल कारखान्याकडून येतं तेव्हा विकास सोसायटीच्या, म्हणजे गावच्या सहकारी पतसंस्थेच्या, कर्जाची वसुली त्यातूनच होते. हाती पडलेली रक्कम आणि खरं उत्पन्न यांतला फरक हा या जिल्ह्याचा खरा गणिताचा धडा आहे. पुस्तकात तो नाही.

पाण्याचंही तसंच. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा राज्यभर बांधला गेला. पावसाळा सरताना त्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालायचे, पावसाच्या तोंडावर काढायचे. हे वेळापत्रक चुकलं की एकतर पाणी वाहून जातं, नाहीतर फुगवटा मागच्या शेतात शिरतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची 39 फूट इशारा पातळी आणि 43 फूट धोका पातळी इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहे; 2019 आणि 2021 च्या महापुरांनी ती करून घेतली. पण पुरात वाहून गेलेल्या म्हशीची, बुडालेल्या उसाची, दुकानातल्या मालाची बेरीज कोणत्या तासाला करायची? विमा होता का, पंचनामा कसा होतो, भरपाई कशावर ठरते, हे एकाच वेळी पैशाचेही धडे आहेत आणि नदीचेही.

शिरोळ तालुक्यात तर हे दोन विषय मातीतच मिसळले आहेत. वर्षानुवर्षं उसाला मोकाट पाणी दिल्याने शेकडो शेतकऱ्यांच्या जमिनी क्षारपड झाल्या. वर पांढरा थर, खाली पाणी. जादा पाण्याने जादा टनेज येतं असं वाटलं आणि शेवटी पीकच येईना. जमिनीखालून सच्छिद्र पाईप टाकून निचरा करता येतो, पण खर्च मोठा, एकट्याला न झेपणारा आणि बांधाला बांध लागलेले सगळे तयार झाल्याशिवाय न साधणारा. त्यासाठी पुन्हा कर्ज, पुन्हा सहकार. एका रानाच्या या गोष्टीत शेकडेवारी, चक्रवाढ व्याज, विज्ञानातलं केशाकर्षण (मातीतून पाणी वर चढणं) आणि नागरिकशास्त्र सगळं आहे. तिला वेळापत्रकात जागा नाही, कारण तास विषयांप्रमाणे पडतात.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांबरोबर कामाचे सुचवले आहेत. गंमत म्हणजे आर्थिक साक्षरतेचा नाव घेऊन केलेला उल्लेख प्रौढशिक्षणाच्या प्रकरणात येतो. 2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात सहावीपासून व्यवसायशिक्षण आहे, त्यात कामाचे तीन प्रकार: सजीवांबरोबरचं, यंत्र व साहित्याबरोबरचं आणि मानवी सेवेतलं. कार्यानुभवाचा हा तिसरा-चौथा अवतार. राज्यात नव्या पुस्तकांची सुरुवात 2025-26 मध्ये पहिलीपासून झाली. ती सहावीपर्यंत पोचताना ठरवण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत: मुलांनी वाढवलेली रोपं विकायची की नाही, आलेले पैसे कोणाच्या नावावर जमा करायचे, त्या हिशेबाला गुण द्यायचे की श्रेणी, आणि दहा दिवस गुऱ्हाळ व दूध संकलन केंद्र नुसतं बघून यायचं की दुधाची फॅट लावून बिल काढायचं.