पोटातली गाठ आणि न वाढणारं एचबी

आपल्या इंदुरात कुणाच्या सोनोग्राफीत पोटातल्या लिम्फ नोड (रोगप्रतिकाराच्या पेशींच्या छोट्या गाठी) मोठ्या दिसल्या की सुदामानगरपासून राजवाड्यापर्यंतचे नातेवाईक दोनच निदानं करतात, टीबी नाहीतर कॅन्सर. टीबी आपल्याकडे भरपूर, म्हणून डॉक्टरही आधी तोच बघतात ते बरोबरच, पण या दोन्हींत न बसणारा एक दुर्मिळ आजार असतो, कॅसलमन डिसीज. बोस्टनचे पॅथॉलॉजिस्ट बेंजामिन कॅसलमन यांनी १९५६ मध्ये असे १३ पेशंट नोंदवले, त्यांच्या गाठी छातीत होत्या, पण अशी गाठ पोटातही होते. हा कॅन्सर नाही, नोडमधल्या पेशी नको तितक्या वाढतात एवढंच, आणि ते बायोप्सीशिवाय कळत नाही.

मला यातली खरी मजा वाटते ती इंटरल्युकिन-६ ची. काही पेशंटमध्ये हे प्रोटीन भरमसाट तयार होतं, मग ताप, रात्री घाम, वजन उतरणं, दाह दाखवणारं सीआरपी वर, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन खाली. आणि एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, कमी! लोहाच्या गोळ्या चालू असतात तरी वाढत नाही. का? तर इंटरल्युकिन-६ लिव्हरला हेप्सिडिन नावाचं हार्मोन बनवायला लावतं. आतड्याच्या पेशीतून लोह रक्तात यायला एकच दार असतं, फेरोपोर्टिन, हेप्सिडिन त्याला चिकटतं आणि पेशी ते दारच मोडून टाकते, म्हणजे गोळीतलं लोह आतड्याच्या पेशीत अडकून शेवटी तिच्याबरोबरच बाहेर पडतं, आणि जुन्या लाल पेशी मोडून मॅक्रोफेजमध्ये (त्या गिळणाऱ्या पेशींमध्ये) साठलेलं लोहही तिथेच बसून राहतं, म्हणून साठलेलं लोह दाखवणारं फेरिटिन नॉर्मल किंवा जास्तच दिसतं. शरीराचा हेतू चांगला असतो बरं का, जंतूंना लोह लागतं ते मिळू द्यायचं नाही, फक्त इथे बहुतेकदा मारायला जंतूच नसतो.

आता यावर बीटचा रस आणि ‘गाठ विरघळवणारा काढा’ काय करणार ते तुम्हीच सांगा.

गाठ एकाच जागी असेल तर ऑपरेशन करून काढतात, बहुतेक पेशंट तेवढ्यावर बरे होतात आणि एचबी आपोआप चढतं. अनेक ठिकाणी असेल तर प्रकरण गंभीर. त्यासाठी इंटरल्युकिन-६ ला पकडणारं सिल्टक्सिमॅब हे औषध आहे, अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झालं, पण मागे एचआयव्ही किंवा हर्पिस गटातला एचएचव्ही-८ व्हायरस असेल तर ते देत नाहीत, तिथे सहसा रिटुक्सिमॅब हे दुसरं औषध वापरतात.