बटण उलटं करून बघा

इंग्लंडमधल्या नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टर वाजला की खाली नाणं असेल असं वाटतं. निघतं बहुधा बटण. यंत्राच्या कॉइलभोवतालचं बदलतं चुंबकीय क्षेत्र धातूत विजेचे भोवरे उठवतं आणि त्यांचा प्रतिसाद आपल्याला आवाज म्हणून ऐकू येतो. तांब्याचं चपटं बटण आणि तेवढंच तांब्याचं नाणं यांचा आवाज जवळजवळ सारखाच. म्हणून पुष्कळजण हिरमुसतात. मला मात्र झिजलेल्या नाण्यापेक्षा बटण जास्त बोलकं वाटतं.

सापडल्यावर पहिला मोह होतो चोळून चकचकीत करायचा. तो आवरायलाच हवा. जुना सोन्याचा मुलामा पाऱ्यात सोनं मिसळून, ते लेपून, तापवून चढवलेला असतो आणि तो अतिशय पातळ असतो. अंगठ्याने दोनदा घासलं तरी हिरव्या गंजाबरोबर तोही जाऊ शकतो. साध्या पाण्याने माती सोडवा, वाळू द्या, मग एका बाजूने तिरका उजेड पाडून बघा. सपाट वाटणाऱ्या धातूवर आकडा हळूहळू उमटतो.

मग बटण उलटं करा. पाठीवर कारखान्याचं नाव आणि पत्ता असेल तर अर्धं काम झालं, कारण दुकानं जागा बदलत आणि जुन्या व्यापारी नोंदवह्यांत ते पत्ते सालानुसार सापडतात. काही बटणांवर ‘ट्रेबल गिल्ट’, म्हणजे तिहेरी मुलामा, असे शब्द दिसतात. मुलाम्यात फसवणूक फार वाढल्याने ब्रिटनला 1796 साली त्यासाठी कायदाच करावा लागला होता.

पुढच्या बाजूला मुकुट असेल तर त्याच्या कमानी पाहा. ब्रिटिश लष्करी बटणांवर घुमटासारख्या गोल कमानी असतील तर काळ साधारण 1901 ते 1952, नाहीतर अगदी अलीकडचा, 2022 नंतरचा. मध्ये खोलगट असतील तर व्हिक्टोरिया राणीचा काळ, नाहीतर साधारण 1953 ते 2022 चा. या दोहोंत निवडायला धातू मदतीला येतो: हलकं, सोनेरी दिसणारं अॅल्युमिनियम व्हिक्टोरियाच्या काळातलं असूच शकत नाही.

सगळ्यात रंजक म्हणजे पलटणीचा आकडा. ब्रिटिश पायदळाच्या बटणांवर तो 1767 पासून आला. साध्या शिपायाचं बटण 1855 पर्यंत प्युटरचं, म्हणजे मुख्यतः कथलाचं, मऊ आणि राखाडी, त्यानंतर पितळेचं. 1871 पासून शिपायांच्या बटणांवरचे आकडे गेले आणि राजचिन्ह आलं. अधिकाऱ्यांचे आकडे 1881 पर्यंत टिकले.

आता समजा, हाती ‘103’ आकड्याचं बटण आलं. नुसत्या आकड्यावर विसंबलात तर फसाल, कारण हा क्रमांक वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या पलटणींना मिळाला. प्युटरचं बटण कॅनडात नायगाराच्या बाजूला निघालं, तर ते 1814 मध्ये तिथे लढलेल्या 103 व्या पलटणीतल्या शिपायाचं असण्याची शक्यता मोठी. तेच पितळेचं असेल तर गोष्ट आपल्या मुंबईत येते. ईस्ट इंडिया कंपनीची मुंबईतली जुनी गोरी पलटण 1862 साली राणीच्या सैन्यात 103 वी ‘रॉयल बॉम्बे फ्युजिलिअर्स’ झाली. म्हणजे शिपायाचं ते पितळी बटण 1862 ते 1871 या जेमतेम नऊ वर्षांत घडवलेलं.

तुटून पडलं कधी, हे मात्र बटण सांगत नाही. ते किती खोल सापडलं, त्यावरूनही हे कळत नाही. नांगराने ती माती कितीदा खालीवर केलेली असते.