डोळ्यांपुढची नागमोडी चमक की एका डोळ्यावर पडलेला पडदा?

अर्धशिशी म्हटली की डोकं ठणकणारच, असं आपण धरून चालतो. त्यामुळे डोकं न दुखता वीस मिनिटं डोळ्यांपुढे काहीतरी चमकत राहिलं, तर घरात निदान ठरलेलं: ‘पित्त उसळलंय’. एका डोळ्याची नजर पाच मिनिटं जाऊन परत आली तरी निदान तेच. पहिला प्रकार बहुधा निरुपद्रवी, तर दुसरा लकव्याची आगाऊ सूचना असू शकतो. दुखत दोन्हींत नाही. म्हणून ते सुरू कसं झालं, हे नीट आठवायला हवं.

अर्धशिशीची चमक सावकाश येते. पेपर वाचताना मधलंच एखादं अक्षर सापडेनासं होतं. मग त्या न दिसणाऱ्या ठिपक्याभोवती थरथरती, लखलखती नागमोडी रेघ उमटते, करवतकाठी साडीचा काठ उन्हात हलवावा तशी. ती अर्धचंद्रासारखी वाकते, मोठी होत कडेला सरकते, मागे काही वेळ पुसट डाग ठेवते आणि नजरेबाहेर निघून जाते. याला 5 ते 60 मिनिटं लागतात, बहुतेकदा 20 ते 30. डोळ्यात बिघाड नसतोच. मेंदूच्या मागच्या, दृष्टी सांभाळणाऱ्या भागावरून विद्युत बदलाची एक लाट मिनिटाला सुमारे 3 मिलिमीटर वेगाने सरकते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशले यांनी 1941 साली स्वतःला दिसणाऱ्या चमकेवरूनच हा वेग काढला होता. लाट मेंदूत असल्यामुळे डोळे मिटले तरी चमक दिसत राहते.

दुसऱ्या प्रकारात चमक नाही, रेघ नाही. एका डोळ्यापुढे अचानक काळा किंवा राखाडी पडदा उतरतो आणि बहुधा काही मिनिटांत उठतो. मानेतल्या रक्तवाहिनीतून किंवा हृदयातून सुटलेली बारीक गुठळी डोळ्याच्या धमनीत अडकून पुढे सरकली, की असं होतं. पुढची गुठळी मेंदूत जाऊ शकते, आणि हा धोका पहिल्या 48 तासांत सर्वांत जास्त. म्हणून ‘आता स्वच्छ दिसतंय’ म्हणून घरी थांबू नये.

‘उजव्या डोळ्याला दिसेना’ असं सांगणाऱ्या अनेकांना खरं तर दोन्ही डोळ्यांनी उजवी बाजू दिसत नसते. ‘खानापूर’ची पाटी वाचताना ‘खाना’ दिसतं, ‘पूर’ गायब. त्रास चालू असतानाच एकेक डोळा तळहाताने झाका. कुठलाही डोळा झाकला तरी तीच बाजू बिघडलेली राहिली, तर गडबड मेंदूकडची. एकच डोळा झाकल्यावर सगळं नीट दिसलं, तर गडबड त्या झाकलेल्या डोळ्याची. मोबाइलवर सुरुवातीची आणि शेवटची वेळ टिपा, दिसलं ते कागदावर काढा. आपल्या बेळगावकडे डॉक्टरांनी कन्नडमध्ये ‘ओंदे कण्णा, एरडू कण्णा?’ (एकच डोळा की दोन्ही?) विचारलं, तर तेव्हा अंदाजाने उत्तर द्यावं लागणार नाही. गाडीवर असाल तर कडेला थांबा; नजर पूर्ण साफ होईपर्यंत चोर्ला घाट काय, गल्लीसुद्धा नको.

एका डोळ्यावर पडदा, तोंड वाकडं, हातपाय लुळे, बोबडी वळणं, यांपैकी काहीही झालं तर लगेच 108. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि खानापूर किंवा चिकोडीकडच्या गावाहून निघायचं तर त्यातला वेळ रस्त्यातच जातो. स्कॅन होण्याआधी ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने घेऊ नका. मेंदूत रक्तस्राव असेल तर ती घात करते. डोळ्याच्या कडेला विजेसारखे लखकन चमकारे, काळ्या ठिपक्यांचा पाऊस आणि न हटणारी सावली असेल, तर दृष्टिपटल सुटत असू शकतं; त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

चमक अगदी नेहमीसारखी असली तरी ती आयुष्यात पहिल्यांदा, विशेषतः चाळिशीनंतर आली, तासाहून जास्त टिकली किंवा वारंवार येऊ लागली, तर डॉक्टरांना दाखवा. बीपी, शुगर, ईसीजी, गरजेप्रमाणे मानेचा डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) आणि एमआरआय होतो. एरवी या चमकेला बहुधा औषध लागत नाही; उपास, जागरण, कमी पाणी आणि डोळ्यांवर येणारं प्रखर ऊन सांभाळावं.

बायकांनी एक गोष्ट आवर्जून सांगावी. अशी चमक येत असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी लकव्याचा धोका वाढतो, धूम्रपानाने आणखी. मेडिकलमधून गोळी आणण्याआधी डॉक्टरांना चमकेबद्दल सांगा; इस्ट्रोजेन नसलेले पर्याय आहेत.