सहावीतली कामाची ओळख ते नववीतलं व्यवसाय शिक्षण

सहावी ते आठवीत पोरांना वेगवेगळ्या कामांची हाताने ओळख करून द्यायची आणि नववीपासून त्यातलंच एखादं कौशल्य नीट शिकवायचं, अशी ही साखळी. कागदावर ती सलग दिसते, पण आठवी आणि नववीमधला सांधा बऱ्याच ठिकाणी ढिलाच असतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी-आठवीच्या काळात १० दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा गावातल्याच जाणकारांकडे जाऊन शिकायचं असं म्हटलंय. २०२३ च्या अभ्यासक्रम आराखड्यात कामाचे तीन प्रकार केलेत, झाडं-जनावरांसोबतचं, यंत्रं आणि साहित्याचं, आणि माणसांना सेवा देण्याचं, प्रत्येकातला दरवर्षी एक प्रोजेक्ट म्हणजे तीन वर्षांत ९. इथवर छान. मग नववीत मात्र ऑटोमोटिव्ह, रिटेल, ब्युटी अँड वेलनेस, शेती वगैरेंपैकी शाळेत ज्याची लॅब आणि शिक्षक असतील तोच विषय पदरात पडतो, सातवीत पोरगं रोपवाटिकेत रमलं होतं हे नववीच्या सरांना कोण सांगणार?

हा सांधा आधीच जुळवलेलं उदाहरण पुणे जिल्ह्यात पाबळला आहे. शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम ही हाताने काम करत शिकवणारी संस्था सुरू केली, त्यातून आलेला आयबीटी (इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी, म्हणजे मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख) हा कोर्स आठवी ते दहावी सलग चालतो, आठवड्यातला एक दिवस त्याला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग, सगळ्यांनी सगळं करायचं, मुलींनी वेल्डिंग आणि मुलांनी स्वयंपाकसुद्धा. साधं लोखंडी स्टूल करायचं तरी आधी ड्रॉइंग, मग मापं, मग पत्रा-अँगल किती लागला, मजुरी किती, असं कॉस्टिंग वहीत मांडायचं. माझ्या मते सगळ्यात कामाचा भाग हाच, कारण भूमिती आणि टक्केवारी इथे आपसूक गळी उतरते.

याउलट दहावीत घेतली गेलेली कल चाचणी, म्हणजे पोराची आवड कुठल्या क्षेत्राकडे आहे ते प्रश्न विचारून शोधणारी चाचणी. राज्यात ती २०१६ पासून काही वर्षं झाली, पण ज्याने कधी पाना हातात धरला नाही त्याने आवडीच्या प्रश्नांना उत्तर तरी कशाच्या जोरावर द्यायचं! शिवाय तोवर उशीर झालेला असतो, दहावीच्या निकालानंतर अकरावी, आयटीआय की पॉलिटेक्निक हे काही आठवड्यांतच ठरवावं लागतं, आणि आयटीआयचे काही ट्रेड तर आठवी पासवरही मिळतात हे कित्येक घरांत माहीतच नसतं.