पंधरा मिनिटं ठरली होती

मे १९३५. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात काम केलेला बिल विल्सन ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात एका हॉटेलात एकटाच उरला होता. ज्या व्यवहारासाठी आला तो फिसकटलेला, खिशात जेमतेम पैसे, समोर बारमधली गजबज. दारू सुटून पाचेक महिने झाले होते. बारमध्ये शिरण्याऐवजी त्याने चर्चच्या यादीतले नंबर फिरवले आणि विचारलं, या गावात कुणी दारुडा आहे का, ज्याच्याशी मला बोलता येईल?

असा माणूस मिळाला, तो नेमका सर्जन. डॉ. बॉब स्मिथ ‘पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही’ असं बजावूनच आले आणि तासन्‌तास बसले. दारू शरीराचं काय करते हे डॉक्टरला कोण शिकवणार? बिलने स्वतःचीच कहाणी सांगितली. शपथा घेणं, मोडणं, पुन्हा घेणं. जूनमध्ये डॉ. बॉबची दारू सुटली ती कायमची. त्यातूनच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची, एकमेकांना आधार देणारी संघटना उभी राहिली.

उपदेश सुरू झाला की व्यसनी माणूस खोटं बोलू लागतो, कारण त्याला लाज वाटत असते. जो स्वतः त्यातून गेलाय त्याच्यापुढे थापा चालत नाहीत, आणि त्यांची गरजही पडत नाही. शिवाय त्याचा सल्ला नेमका असतो. जुना गुत्ता, पगाराचा दिवस, ठराविक मित्र, अशा खुणा दिसताच मेंदूत तलफ उसळते. म्हणून तो ‘मन घट्ट कर’ म्हणत नाही. तो म्हणतो, ‘पगाराच्या दिवशी त्या रस्त्याने जाऊच नकोस, मला फोन कर.’

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. त्या संध्याकाळी मदतीची गरज बिललाच होती. १९६५ मध्ये फ्रँक रीसमन या अभ्यासकाने हेच तत्त्व मांडलं: मदत करणाराही मदतीने सावरतो. प्रोजेक्ट मॅच या मोठ्या अमेरिकी अभ्यासाच्या माहितीचं विश्लेषण २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. उपचारानंतरच्या वर्षभरात, इतरांना मदत करणाऱ्यांपैकी ४० टक्के लोक दारूपासून दूर राहिले; मदत न करणाऱ्यांत हे प्रमाण २२ टक्के होतं. ज्यांना बरं वाटतंय तेच मदतीला पुढे येत असतील, ही शक्यता राहतेच. पण अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२० च्या कॉक्रेन आढाव्यातही अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मार्गाची बाजू भक्कम दिसली: पूर्ण दारूमुक्तीच्या बाबतीत तो इतर प्रस्थापित मानसोपचारांच्या तोडीचा, बऱ्याचदा सरस ठरला.

अनुभवी सोबती डॉक्टरची जागा मात्र घेऊ शकत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. ते दिवस वैद्यकीय देखरेखीतच काढावेत.

पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने औषधोपचार आणि अनुभव यांची सांगड घातली. तिथे उपचार घेणाऱ्याला ‘रुग्णमित्र’ म्हणतात, आणि बरे झालेले कितीतरी रुग्णमित्र पुढे तिथेच कार्यकर्ते झाले. व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गटही आहे. नवऱ्याने मंगळसूत्र विकल्याचं माहेरीसुद्धा न सांगणारी बाई ते अशा गटात बोलते, कारण शेजारी बसलेलीच्या घरातही तेच घडलेलं असतं.